डीबगचा मजकूर हवा तेव्हाच

प्रश्न : दूध संस्थेच्या संकलनाची सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने पाडलेली साधी फाइल) वाचून दहा दिवसांची बिलं काढणारा पायथॉन प्रोग्रॅम लिहिला आहे. बिलं स्टँडर्ड आउटपुटवर (प्रोग्रॅमचा निकाल जिथे छापला जातो तिथे) येतात, ती मी फाइलमध्ये वळवतो. चूक शोधायला घातलेलं एखादं प्रिंट काढायचं राहून जातं आणि बिलाच्या फाइलमध्ये भलत्याच ओळी घुसतात. हा मजकूर मागेन तेव्हाच दिसावा, असं कसं करू? (एक वाचक, सांगली जिल्हा)

उत्तर : आधी मजकुराची जागा बदला. निकाल स्टँडर्ड आउटपुटवर, बाकी सगळी बडबड स्टँडर्ड एररवर, म्हणजे सूचनांसाठीच्या वेगळ्या वाटेवर. फाइलमध्ये वळवताना फक्त निकाल वळतो, बडबड पडद्यावरच राहते. तुमचं अर्धं दुखणं इथेच संपतं.

राहिलं ही बडबड चालू-बंद करायचं बटण. पन्नासेक ओळींच्या प्रोग्रॅमला एक डीबग व्हेरिएबल आणि एक इफ पुरे. त्याहून मोठा असेल तर पायथॉनसोबतच येणारं लॉगिंग मॉड्यूल वापरा; त्याचा मजकूर मुळातच स्टँडर्ड एररवर जातो. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला त्या मॉड्यूलच्या नावाचा लॉगर (लॉगच्या ओळी लिहिणारा) घ्या. आर्गपार्समध्ये (कमांडसोबत दिलेले पर्याय वाचणारं मॉड्यूल) व्ही हा पर्याय 'काउंट' प्रकारचा, म्हणजे किती वेळा दिला ते मोजणारा, ठेवा आणि डीफॉल्ट शून्य द्या. ते विसरलात तर पर्याय न दिल्यावर 'नन' मिळतं आणि आकड्याशी तुलना करताना प्रोग्रॅम कोसळतो. मजकुराची पातळी अशी, आकडा कमी तितका मजकूर जास्त : एक व्ही दिला तर इन्फो (२०), दोन दिले तर डीबग (१०), काहीच नाही तर वॉर्निंग (३०).

पातळी ठरवणारं बेसिककॉन्फिग मुख्य फंक्शनमध्ये, पर्याय वाचल्यावर, एकदाच. त्याआधी कुठे थेट लॉगिंग.वॉर्निंग वगैरे चाललं, तर ते स्वतःच हँडलर (मजकूर कुठे जाईल ते सांभाळणारा भाग) बसवून मोकळं होतं आणि तुमचं बेसिककॉन्फिग मुकाट दुर्लक्षिलं जातं. 'व्ही दिला तरी काही दिसत नाही' या तक्रारीचं मूळ बहुधा हेच. पायथॉन ३.८पासून बेसिककॉन्फिगला फोर्स=ट्रू देऊन आधीचा हँडलर काढता येतो, पण क्रम सुधारणं बरं.

कुठल्या पातळीला काय छापायचं? इन्फोला फाइलचं नाव आणि वाचलेल्या ओळी. डीबगला सभासद क्रमांक, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घनपदार्थ), लागलेला दर. व्हेरिएबलमधल्या किमती (व्हॅल्यू) टक्का-आर (%r) या खुणेने छापा, म्हणजे ४.० हा आकडा आहे की शेवटी स्पेस चिकटलेली अक्षरं, हे अवतरणचिन्हांवरून लगेच कळतं. सीएसव्हीतल्या निम्म्या चुका अशाच सापडतात. बँक खाते क्रमांक मात्र लॉगमध्ये नको.

लॉगच्या ओळीत एफ-स्ट्रिंग (किमती आतच गुंफलेला मजकूर) टाळा. ती डीबग बंद असतानाही पूर्ण तयार होते. साचा आणि किमती स्वल्पविरामाने वेगळ्या दिल्या तर जोडणी गरज पडली तरच होते. आणि डीबगच्या इफमध्ये सीएसव्ही रीडरची पुढची ओळ खेचणारं नेक्स्ट कधीही घालू नका. डीबग चालू केलं की एका सभासदाचं दूध गायब, बंद केलं की परत हजर. अशी चूक शोधणं महाकठीण.

प्रश्न : डीबग चालू केलं की नेटवर्क लायब्ररीच्याच ओळींचा पूर येतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तुम्ही रूट लॉगरची (सगळ्या लॉगरांच्या मुळाशी असलेला) पातळी उतरवली आहे. रूट वॉर्निंगवरच ठेवा, फक्त आपल्या पॅकेजच्या लॉगरला डीबग द्या. थेट चालवलेल्या फाइलचं नाव पायथॉनच्या लेखी 'मेन' असतं, त्यामुळे तिला ही पातळी लागत नाही. तिच्या लॉगरला पॅकेजचं नाव हाताने द्या.

प्रश्न : रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी सोय) चालणाऱ्या प्रोग्रॅमचा लॉग फुगतो. रोटेटिंगफाइलहँडलर (फाइल भरली की नवी सुरू करणारं) लावलं, मॅक्सबाइट्स (फाइलची आकारमर्यादा) १० लाख दिले, तरी फुगतोच. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बॅकअपकाउंट (जपायच्या जुन्या फाइलींची संख्या) दिलेला नाही. तो शून्य असेल तर फाइल कधीच बदलत नाही. पाच द्या; चालू फाइल धरून सहा राहतील. एन्कोडिंगही यूटीएफ-८ लिहून टाका, नाहीतर विंडोजवर देवनागरी नावाशी लॉग अडखळू शकतो.