अतितिखट सॉसमध्ये चव कळते का, की नुसती आगच?

कॅरोलिना रीपर या जहाल मिरचीचा सॉस मागवलाय, तो चाखायचा कसा आणि एवढ्या तिखटात चव कळते का, असं तुम्ही विचारलंय. कळते. पण झाकण उघडायच्या आधी बाटलीच्या मागचं वाचा. मिरची, व्हिनेगर, मीठ, लसूण एवढंच असेल तर खुशाल चाखा. 'कॅप्सिकम एक्स्ट्रॅक्ट' किंवा 'ओलिओरेझिन', म्हणजे मिरचीतून काढलेला तिखट अर्क, दिसलं तर माझ्या मते ती बाटली घरात ठेवण्याच्या लायकीची नाही.

माझं माहेर लालबागचं. उन्हाळ्यात वर्षाचा मसाला करायचा म्हटलं की आई मसाला गल्लीत प्रत्येक पोत्यातली मिरची मोडून नाकाशी धरायची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला आणि तीही मोजकीच. वास आला नाही तर मिरची कितीही जहाल असो, आई पुढच्या दुकानात. मग चाळीच्या गच्चीवर वाळवण, देठं काढताना हातांची आग, आणि शेवटी डंकावर रांग.

सासर कोल्हापूरकडचं. धाकटे दीर आमच्याकडे जेवले की ठरलेलं वाक्य, "वहिनी, डोळ्यांतून पाणी काढत नाही ते तिखट कसलं?" मला याचा खरंच राग येतो, कारण सासूबाईंच्या कांदा-लसूण मसाल्याला जी चव आहे ती मला आजवर जमलेली नाही, आणि त्याच घरातला माणूस असं बोलतो.

गणपतीत पुतण्याने दोन बाटल्या आणल्या, एक रीपरच्या मिरचीची, दुसरी अर्क घातलेली. मी टूथपिकचं टोक बुडवून पावाच्या तुकड्यावर लावलं. रीपरला आधी पिकल्या फळासारखा गोडसर वास, मग व्हिनेगरचा आंबटपणा, आणि तिखट मागून चढत गेलं ते कानापर्यंत. अर्काच्या बाटलीला वासच नाही. जिभेवर कडू, औषधी चव आणि लगेच जाळ. भाऊजींनी तीच चमचाभर घेतली आणि उचक्या देत म्हणाले, "एक नंबर!" मी विचारलं, चव कशी आहे? म्हणाले, "तिखट."

यातच उत्तर आहे. मिरचीला तिखट करणाऱ्या कॅप्सेसिनला स्वतःचा वास नसतो. जिभेवरचे जे संवेदक (रिसेप्टर) चटक्याची जाणीव देतात त्यांनाच ते चेतवतं (याच शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं), म्हणजे तिखट ही वेदना आहे. चव येते मिरचीच्या वासातून आणि आंबट-गोडातून, आणि ती जाळ चढण्याआधीच्या थोड्या क्षणांतच सापडते. म्हणून आधी वास घ्या, थेंबभरच तोंडात ठेवा, नाकाने श्वास सोडा. बाटलीवरच्या स्कोव्हिल आकड्याला, म्हणजे तिखटपणाच्या मापाला, भुलू नका. १९१२ साली स्कोव्हिल यांनी मिरचीचा अर्क साखरपाण्यात किती पातळ केला की तिखट लागत नाही एवढंच मोजलं होतं. रीपरचा आकडा सरासरी १६ लाखांच्या वर, २०२३ मध्ये तिचा सर्वांत तिखट मिरचीचा विक्रम मोडणाऱ्या पेपर एक्स या मिरचीचा जवळपास २७ लाख. या आकड्यात चवीचा हिशेब कुठेच नाही. आई ज्या ब्याडगीसाठी घासाघीस करायची तिचा आकडा यापुढे नगण्य आहे, पण तिच्याशिवाय मसाला होत नाही.

सॉस आवडला तर मटणाच्या रश्श्यात किंवा अंड्याच्या पोळ्यावर थेंबभर घाला. आणि कुणी "चमचाभर घेऊन दाखव" म्हणालं तर आधी त्याला मिरचीची चव सांगायला लावा.

हो, एक राहिलं. रिकाम्या पोटी चाखू नका. पित्ताचा किंवा दम्याचा त्रास असेल तर घेऊच नका. आग झाली की पाणी नको, कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही; दूध किंवा दही घ्या. हात साबणाने नीट धुतल्याशिवाय डोळ्यांना लावू नका, लेन्स वापरत असाल तर जास्तच जपा.