जुन्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर नव्याने करायचं आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की फ्लॅट २० वर्षं जुना आहे, ओट्याखाली कडप्प्याच्या फळ्या आहेत, आणि मॉड्युलर किचनवाल्याने रंगांचा कॅटलॉग हातात ठेवलाय. तो कॅटलॉग सध्या कपाटात ठेवून द्या. आम्ही पुण्यात हेच काम केलं आणि दोन वर्षांत त्यातला एक भाग पुन्हा करावा लागला, तो पाण्यामुळे.

सिंकखालची ट्रॉली आधी नीट सरकेना. बाहेर काढून पाहिली तर तळाची फळी भिजलेल्या पावासारखी फुगलेली, बोट दाबलं की भुसा हातात येत होता. सिंकच्या खालच्या जोडातून थेंब थेंब पाणी झिरपत होतं आणि ‘वॉटरप्रूफ’ म्हणून लावलेली फळी पार्टिकल बोर्डची, म्हणजे दाबलेल्या भुशाची निघाली. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय: सिंकखाली लाकूड नकोच. दोन्ही बाजूंना कडप्पा किंवा ग्रॅनाइट उभं करा, तळाला टाइल, पुढे फक्त दार. तुमचा जुना कडप्पा चांगला असेल तर तो राडारोड्यात टाकू नका, इथेच वापरा. बाकीच्या ट्रॉल्यांना प्लाय घेणार असाल तर पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या आणि प्रत्येक शीटवर आय.एस. ७१० या भारतीय मानकाचा शिक्का स्वतः बघा. आय.एस. ३०३ चा प्लाय वरच्या कपाटांना चालेल, ओट्याखाली नको.

टाइल काढणारच असाल तर भिंतीतले जुने लोखंडी पाइपही काढून टाका. वरून धड दिसतात, पण आतून गंजून अर्धे बुजलेले असतात. सीपीव्हीसीचे (प्लास्टिकचे) पाइप टाकून झाल्यावर प्लंबरला दाबाने पाणी भरून रात्रभर ठेवायला सांगा, सकाळी जोड कोरडे असतील तरच भिंत बंद करू द्या. आणि बंद करण्याआधी मोजपट्टी धरून उघड्या भिंतीचे फोटो काढा. पुढे खिळा किंवा स्क्रू मारायची वेळ आली की हे फोटो सोन्याच्या मोलाचे ठरतात. सिंक शक्यतो आहे तिथेच ठेवा. ते लांब नेलं की सांडपाण्याला उतार मिळत नाही, शिवाय गळती झाली तर खालच्यांच्या छताला ओल येते आणि सोसायटीत रोजची कटकट सुरू होते.

विजेचं थोडक्यात सांगते. मिक्सर, मायक्रोवेव्ह, पाण्याचा फिल्टर, फ्रिज मोजून दोन प्लग जास्तच काढा. ओव्हन किंवा इंडक्शनला वेगळी लाइन घ्या, आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा लगेच तोडणारा स्विच, बसवाच. ओल्या हातांनी मिक्सर चालू करायची सवय घराघरांत असते.

गॅसबद्दल मात्र हयगय नको. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याच्या दाराला अगदी तळाशी जाळी हवी. पाइपचा गॅस हलका असतो, तो वर जातो. तिथे हवा जायला वाट वरच्या बाजूला लागते. पाइप हलवायचा असेल तर गॅस कंपनीचाच माणूस बोलवा, सुताराला किंवा प्लंबरला हात लावू देऊ नका. बंद करायची चावी ट्रॉलीमागे दडू नये, एका हाताने पटकन फिरवता आली पाहिजे.

आता ओट्याची उंची, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आमच्याकडे विचारलंही नाही, सरळ ३४ इंच केला. माझ्या सासूबाई ४ फूट १० इंच. त्यात पोळपाटाची उंची मिळवा, म्हणजे लाटताना त्यांचे खांदे कानांकडे चढायचे. दहा पोळ्या झाल्या की त्या लाटणं ठेवून मान चोळायच्या, आणि बोलायच्या मात्र काही नाहीत. दुसऱ्या वेळी खिडकीपाशी दोन फुटांचा तुकडा ३० इंचांवर घेतला. आता तिथे त्या कणीकही मळतात. तुमच्या घरी जे रोज स्वयंपाक करतात त्यांना भिंतीला पाठ लावून उभं करा, कोपर वाकवून जमिनीपासूनचं अंतर मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करा. लाटायची जागा त्याहून थोडी खाली चालते.

ट्रॉल्यांची मापं देण्याआधी तुमचा सगळ्यात उंच डबा, मोठा कुकर आणि परात मोजून घ्या. आमचा पिठाचा डबा अर्ध्या इंचाने आत जाईना, अजूनही बाहेरच असतो.

सिंक बाहेरच्या भिंतीला आहे की आतल्या, आणि गॅस सिलिंडरचा की पाइपचा, एवढं कमेंटमध्ये लिहा. मग चिमणीचा पाइप कुठून काढायचा ते सांगते. तो जितका आखूड आणि जितक्या कमी वळणांचा, तितका फोडणीचा धूर चांगला ओढला जातो.