शिकागोतले लॅटिनो : भाषा एक, कागद वेगवेगळे

तुमची मुलगी ऑगस्टमध्ये शिकागोला येतेय, लिटल व्हिलेज या वस्तीतल्या एका दवाखान्यात तिला काम मिळालंय, आणि तुम्ही तीन प्रश्न विचारलेत : तिथे सगळे मेक्सिकनच का, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेले सगळे एकच समाज का, आणि त्यांचं आपसात पटतं का. पहिल्याचं उत्तर, बहुतेक मेक्सिकन, पण सगळे नाहीत. दुसऱ्याचं, नाही. तिसऱ्याला वेळ लागेल, चहा घेऊन बसा.

मी या शहराच्या नैऋत्य भागात फार्मासिस्ट आहे. औषधांच्या काउंटरमागे उभं राहून एकोणीस वर्षं झाली. पुण्यात असताना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता. जे काही येतं ते गिऱ्हाइकांनी शिकवलंय, आणि पहिला धडा चांगलाच महागात पडला असता. औषधाच्या लेबलवर इंग्रजीत 'वन्स अ डे' छापलेलं असतं ना, त्यातला तो 'वन्स' ज्या चार अक्षरांनी लिहितात तीच चार अक्षरं स्पॅनिशमध्ये 'ओन्से' अशी वाचतात. ओन्से म्हणजे अकरा. रक्तदाबाची गोळी दिवसातून अकरा! एका काकांनी नशिबाने घेण्याआधी विचारलं. त्या दिवसापासून मी प्रत्येक लेबलवर पेनाने ठळक 1 काढतो आणि तोंडाने 'उना व्हेस' म्हणजे एकदा, असं दोनदा सांगतो. तुमच्या मुलीला बाकी काही नाही सांगितलं तरी एवढं सांगा.

दुसरा धडा : स्पॅनिशही एक नाही. आमच्याकडे काउंटरवर एक प्वेर्तो रिकन मुलगी आहे, हम्बोल्ट पार्क या वस्तीतली (प्वेर्तो रिको म्हणजे अमेरिकेच्या ताब्यातलं कॅरिबियन बेट). एका मेक्सिकन आजींनी औषध मागितलं, ही म्हणाली, 'आओरिता.' मेक्सिकोत आओरिता म्हणजे आत्ता, या क्षणी (तेही आपल्या 'आलोच' सारखं हवं तेवढं ताणता येतं, ती गोष्ट वेगळी). प्वेर्तो रिकोत आओरिता म्हणजे थोड्या वेळाने, नंतर. आजी काउंटरला टेकून उभ्याच. खुर्ची दिली तर बसेनात, कारण आत्ताच तर मिळणार होतं! चाळीस मिनिटांनी त्यांनी विचारलं, 'मुली, तुमच्याकडे आत्ता किती वाजता होतं?' हिला वाटलं आजी टोमणा मारतायत, आजींना वाटलं पोरगी आळशी आहे. आणि हे 'आळशी' प्रकरण इतकं साधं नाही, त्याला साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे.

2020 च्या जनगणनेनुसार शिकागोची लोकसंख्या साधारण 27 लाख 46 हजार, आणि त्यात लॅटिनो जवळजवळ 30 टक्के. कृष्णवर्णीयांना मागे टाकून ते शहरातला दुसऱ्या क्रमांकाचा गट झाले. यातले बहुसंख्य मेक्सिकन मुळाचे. त्यानंतर प्वेर्तो रिकन, आणि मग ग्वाटेमालन, इक्वेडोरन, कोलंबियन, क्यूबन, आणि 2022 पासून व्हेनेझुएलन. यांच्यातला खरा भेद खाणं, गाणी, उच्चार यांचा आहे असं बाहेरून वाटतं. मला विचाराल तर तो कागदांचा आहे : नागरिकत्व, व्हिसा, कामाचा परवाना. कोणाकडे कुठला कागद आहे आणि तो किती दिवसांत मिळाला, यावरून कोण कोणाकडे कसं बघतं ते ठरतं.

प्वेर्तो रिकन माणूस 1917 पासून जन्मानेच अमेरिकन नागरिक. व्हिसा नाही, सीमा नाही, विमानात बसला की आला. 1940 च्या दशकाच्या शेवटी त्यांना इथे घरकामाला आणि कारखान्यांत कंत्राटाने आणलं गेलं. मेक्सिकन त्याच्याही आधीचे : पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रेल्वेचे रूळ टाकायला, पोलादाच्या भट्ट्यांत, कत्तलखान्यांत कामाला आलेले. मंदी आली तशी 1930 च्या दशकात त्यातल्या अनेकांना परत पाठवलं गेलं, पुढे गरज पडली तशी पुन्हा बोलावलं. बोलवायचं आणि हाकलायचं, हा खेळ जुना आहे. आता बघा, एकाच कारखान्यात शेजारी-शेजारी उभे असलेले दोघं, एक प्वेर्तो रिकन, दुसरा मेक्सिकन. एकाला मालकाने पगार कापला तर तो भांडतो, युनियनकडे जातो, नोकरी गेली तर बेकारी भत्ता मागतो, कारण त्याला कोणी देशाबाहेर घालवू शकत नाही. दुसरा गप्प बसतो, जादा तास करतो. मग पहिला दुसऱ्याला म्हणतो, 'तुमच्यासारखे खाली मान घालणारे आहेत म्हणून सगळ्यांची मजुरी पडते.' दुसरा पहिल्याला म्हणतो, 'तुम्हाला सरकारी मदत खाऊन बसायची सवय.' दोन्ही शिव्या मी काउंटरवर ऐकल्यात, अगदी याच शब्दांत. खरं तर दोघंही एकमेकांचा स्वभाव सांगत नाहीत, एकमेकांचे कागद सांगतायत.

आणि कागद असूनही काय होतं तेही प्वेर्तो रिकन लोकांनी पाहिलंय. 12 जून 1966, शहरातल्या प्वेर्तो रिकन संचलनाचा दिवस. डिव्हिजन स्ट्रीटवर पोलिसाने एका तरुणाला गोळी घातली, पोलिसांचा कुत्रा एकाला चावला, आणि दोन-तीन दिवस तो भाग पेटला. त्याआधी लिंकन पार्कमधून त्यांना घरभाडी वाढवून, इमारती पाडून बाहेर काढणं चाललंच होतं. त्यातूनच 'यंग लॉर्ड्स' उभी राहिली : मूळची रस्त्यावरची टोळी, 1968 मध्ये तिची राजकीय संघटना झाली. आज त्याच डिव्हिजन स्ट्रीटवर पोलादाचे दोन प्रचंड प्वेर्तो रिकन झेंडे रस्त्यावर कमानीसारखे उभे आहेत. 1995 मध्ये उभारले. मुलीला म्हणावं एकदा बघून ये, आणि तिथलं 'हिबारितो' नावाचं सँडविच खा : पावाच्या जागी तळून चपटं केलेलं कच्चं केळं. हा पदार्थ याच शहरात 1990 च्या दशकात लोकप्रिय झाला.

मेक्सिकन लोकांची कथा वेगळ्या गल्लीतून जाते, पण वळणं तीच. 1960 च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचा शहरातला परिसर बांधायला त्यांची पश्चिमेची वस्ती उठवली, ते पिल्सनमध्ये आले. पिल्सन हे नाव चेक लोकांचं, त्यांच्या प्लझेन शहरावरून. पिल्सनचं भाडं वाढू लागलं तसे पुढे पश्चिमेला लिटल व्हिलेजमध्ये सरकले. आता पिल्सनमध्ये भित्तिचित्रं आहेत, 1987 पासून मेक्सिकन कलेचं उत्तम संग्रहालय आहे (प्रवेश फुकट), पण 2000 नंतर दहा हजारांहून जास्त लॅटिनो रहिवासी तिथून गेले. एका जुन्या समाजकेंद्राच्या भिंतीवरचं प्रसिद्ध चित्र 2017 मध्ये नव्या मालकाने राखाडी रंगाने पुसून टाकलं. बोंबाबोंब झाली, तेव्हा मूळ चित्रकाराला बोलावून पुन्हा काढून घेतलं. चित्र परत आलं. माणसं गेली ती गेली.

मग 'लॅटिनो' हे एकत्र कधी येतात? माझ्या मते दोनच वेळी : निवडणुकीत आणि संकटात. 1983 मध्ये हॅरॉल्ड वॉशिंग्टन शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले, त्यात लॅटिनो मतांचा मोठा वाटा होता. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कामगारांना एकत्र आणायला धडपडणारे रुडी लोझानो त्याच वर्षी नगरसेवकपदासाठी उभे होते, दुसऱ्या फेरीत जायला अवघी सतरा मतं कमी पडली. जूनमध्ये त्यांच्या घरात त्यांचा खून झाला. पिल्सनच्या ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे. मी तिथे स्पॅनिश बालगोष्टींची पुस्तकं वाचायला जात असे, चाळिशीत, पहिलीतल्या मुलांच्या टेबलावर.

नंतर 1990 च्या दशकात काँग्रेसचा, म्हणजे इथल्या संसदेचा, एक मतदारसंघ आखला गेला, त्याचा तेव्हाचा नकाशा बघा म्हणजे हसाल. वायव्येची प्वेर्तो रिकन वस्ती आणि नैऋत्येची मेक्सिकन वस्ती हे दोन गोळे, आणि त्यांना जोडणारी पश्चिमेकडून वळसा घालून गेलेली बारीक पट्टी. थंडीत कानावर लावतात तशा कानपट्टीच्या आकाराचा म्हणून तो प्रसिद्ध झाला. अधल्यामधल्या कृष्णवर्णीय मतदारसंघाला धक्का न लावता लॅटिनोंना एक जागा द्यायची म्हणून ही कसरत. तिथून 1992 मध्ये लुईस गुतिएरेझ निवडून आले. ते प्वेर्तो रिकन मुळाचे, म्हणजे त्यांच्या लोकांना स्थलांतराच्या कायद्याशी काही देणंघेणं नाही, आणि तरी पुढची पंचवीस वर्षं कागद नसलेल्यांसाठी वॉशिंग्टनमध्ये सगळ्यात मोठ्याने ओरडणारा माणूस हाच. त्यांच्यानंतर ती जागा मेक्सिकोत जन्मलेल्या चुय गार्सियांकडे गेली. नकाशा काढणाऱ्यांनी राजकारणासाठी जे शिवलं ते काही प्रमाणात खरोखरच जुळलं, असं म्हणायला हरकत नाही.

ऑगस्ट 2006 ची गोष्ट तर मला फार आवडते. एल्व्हिरा अरेयानो या मेक्सिकन बाईंवर परत पाठवण्याचा हुकूम निघाला. त्या आपल्या लहान मुलाला घेऊन एका चर्चमध्ये आश्रयाला गेल्या आणि वर्षभर तिथेच राहिल्या. ते चर्च कुठलं, तर डिव्हिजन स्ट्रीटवरचं, त्या प्वेर्तो रिकन झेंड्यांच्या पट्ट्यातलं. आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या कार्यकर्त्यांत एमा लोझानो होत्या, रुडी लोझानोंची बहीण. पुढच्या ऑगस्टमध्ये अरेयानो लॉस एंजेलिसला गेल्या, तिथे पकडल्या गेल्या, मेक्सिकोला पाठवल्या गेल्या.

आता व्हेनेझुएलनांबद्दल. ऑगस्ट 2022 पासून टेक्सासच्या गव्हर्नरांनी बसेस भरून माणसं इकडे पाठवायला सुरुवात केली, दोन वर्षांत पन्नास हजारांच्या आसपास लोक आले. पोलीस चौक्यांच्या फरशीवर कुटुंबंच्या कुटुंबं झोपलेली मी स्वतः पाहिली आहेत. आमच्या दुकानात ताप उतरायचं लहान मुलांचं औषध टिकत नसे. लिटल व्हिलेजमधल्या बायकांनी डबे नेले, कपडे नेले. आणि त्याच बायका माझ्यापाशी कुरकुरतही होत्या. एक मावशी, पंचवीस वर्षं हॉटेलांत भांडी घासणाऱ्या, मला म्हणाल्या, 'मी पाव शतक कर भरतेय, मला कामाचा परवाना नाही. हा काल आला आणि याला मिळाला.' सप्टेंबर 2023 मध्ये सरकारने व्हेनेझुएलनांना तात्पुरतं संरक्षण (म्हणजे काही काळ देशाबाहेर काढायचं नाही आणि कामाचा परवाना द्यायचा) वाढवून दिलं होतं, त्याबद्दल बोलत होत्या. पुन्हा कागद!

आपल्या लोकांनी यावर नाक मुरडू नये. ग्रीन कार्डच्या रांगेत पंधरा-पंधरा वर्षं अडकलेले आपले इंजिनियर शनिवारी रात्री जेवणानंतर काय बोलतात ते मी ऐकतो. 'आम्ही रीतसर आलो आणि हे...' शब्द वेगळे, चव तीच. पुढे 2025 मध्ये व्हेनेझुएलनांचं ते संरक्षणही काढून घ्यायचा निर्णय झाला. मावशींना आनंद झाला असेल असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, 'बिचारे. त्यांनी तर सरकारला पत्ते पण लिहून दिलेत.'

देवाधर्मातही असंच. आपल्याकडे कुळागणिक दैवत, तसं यांच्याकडे देशागणिक. ग्वाटेमालन एस्किपुलासच्या काळ्या ख्रिस्ताला मानतात, मेक्सिकन ग्वादालुपेच्या मातेला. 11 डिसेंबरच्या रात्री शहराबाहेर डेस प्लेन्सच्या देवस्थानाकडे लोक चालत निघतात, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, पाठीवर देवीची तसबीर बांधून. तिथे आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात आणि ट्रॅफिकबद्दल तक्रार करतात. एका वर्षी मी गाडी लावून दोन मैल त्यांच्याबरोबर चाललो. कोणीतरी हातात गरम चॉकलेटचा कप दिला, कुठून आलास विचारलं नाही. वारीत आळंदीहून निघताना जसं होतं तसं पोटात झालं. त्या गर्दीत मेक्सिकनच जास्त, पण फक्त मेक्सिकन नव्हते.

तर मुलीला काय सांगाल? कोणाला परस्पर 'मेक्सिकन' म्हणू नकोस. 'तुमचं गाव कुठलं' विचार, माणसं फुलतात, पुढची दहा मिनिटं तुझी गेली समज. कागदांबद्दल कधीही विचारू नकोस, फॉर्मवर रकाना असला तरी आधी वरिष्ठांना विचार तो भरायलाच हवा का. मेक्सिकन आजींना 'उस्तेद' म्हणजे अहो-जाहो कर. आणि पोरांना 'तू मेक्सिकन की प्वेर्तो रिकन' असं कोड्यात टाकू नकोस, कारण या शहरात दोन्ही असलेली पोरं पुष्कळ आहेत. ती स्वतःला 'मेक्सिरिकन' म्हणवतात. आई-बापांच्या कुरकुरीला त्यांनी आपल्या परीने दिलेलं उत्तर.

2025 च्या शरदात इथे कागद नसलेल्यांना पकडायला केंद्र सरकारच्या धाडी सुरू झाल्या तेव्हा लिटल व्हिलेजमध्ये लोक गळ्यात शिट्ट्या घालून फिरायला लागले. गाड्या दिसल्या की वाजवायच्या, म्हणजे बाकीचे घरात जातात. आमच्या काउंटरवरही कोणीतरी शिट्ट्यांचा डबा आणून ठेवला. कोणी ते मी विचारलं नाही, पण नंतर कळलं, आमचीच ती हम्बोल्ट पार्कची मुलगी. तिला स्वतःला काय भीती, मी म्हटलं. तिने पर्स उघडून दाखवली. आत अमेरिकन पासपोर्ट होता. कामावर येताना रोज आणते म्हणाली, आईनेच घ्यायला लावलाय. तेवढ्यात त्या आओरितावाल्या आजी आल्या, डब्यातून दोन शिट्ट्या उचलल्या, एक नातवासाठी, आणि विचारलं, 'औषध आत्ता मिळेल की तुझं आत्ता?'