बाबांना न सांगता पीएसए करू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबा ६४ वर्षांचे, भांडुपला राहतात, महापालिकेतून निवृत्त. त्यांच्या मोठ्या भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला तो थेट मणक्यात पसरल्यावर. बाबांसमोर तपासणीचं नाव काढलं की म्हणतात, "मला काही त्रास नाही, उगाच कशाला उकरून काढायचं?" शुगरसाठी दर तीन महिन्यांनी लॅबचा माणूस घरी येऊन रक्त नेतो, त्याच रक्तात बाबांना न सांगता पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाची तपासणी, करून घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

नका करू. तुमचा जीव तुटतोय हे कळतं, पण हे नकाच करू. समजा आकडा जास्त आला. मग तुम्हाला त्यांना एकाच दमात दोन गोष्टी सांगाव्या लागतील: आकडा वाढलाय, आणि ही तपासणी आम्ही तुमच्या पाठीमागे केली. त्यानंतर लागला तर एमआरआय, लागली तर बायोप्सी (सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासणं), हे सगळं त्यांच्याच अंगावर होणार. रागावलेला माणूस तिथेच अडून बसतो. आणि आकडा कमी आला तरी तो त्यांना सांगणार कसा? म्हणजे पुढच्या वेळी पुन्हा चोरून. सांगून, पटवून केलेली एक तपासणी लपवून केलेल्या दहांपेक्षा कामाची.

मी परळचा. माझा स्वतःचा प्रोस्टेटचा कॅन्सर काही वर्षांपूर्वी निघाला आणि अजून त्याला कुणी हात लावलेला नाही, तो डॉक्टरांच्या नजरेखाली आहे. हे कसं, ते खाली येईलच. तेव्हापासून आमच्या भागातल्या पुरुषांसोबत ओपीडीत जाणं मी माझं काम मानलंय. त्या अनुभवावरून सांगतो, पुरुष सुईला घाबरत नाहीत. सुईनंतर काय होईल याला घाबरतात, आणि ते त्यांना कुणीच नीट सांगत नाही.

आधी "मला त्रास नाही" याबद्दल. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली, लघवीच्या नळीभोवती असते. वयानुसार ती वाढते ती मुख्यतः आतल्या, नळीला लागून असलेल्या भागात. त्यामुळे नळी दाबली जाते, धार बारीक होते, रात्री उठावं लागतं, लघवी झाली तरी उरल्यासारखी वाटते. ही साधी वाढ, कॅन्सर नव्हे. कॅन्सर बहुतेक वेळा सुरू होतो बाहेरच्या, मागच्या भागात. तिथे नळी नाही, म्हणून गाठ लहान असताना काहीच जाणवत नाही. म्हणजे रात्री चार वेळा उठणाऱ्याला कॅन्सर असेलच असं नाही, आणि रात्रभर शांत झोपणाऱ्याला नसेलच असंही नाही. बाबांना हे एवढंच शांतपणे सांगा: काकांनाही त्रास नव्हता, त्रास झाला तो हाडांत गेल्यावर. काकांचं नाव घेऊन घाबरवायला सांगत नाहीये मी. पण सख्ख्या भावाला हा आजार असेल तर आपली जोखीम साधारण दुपटीने वाढते, हे त्यांना कळायलाच हवं.

आता "उकरून कशाला काढायचं". ताई, हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. जगभरचे डॉक्टर यावर तीस वर्षं वाद घालतायत. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये सांगितलं की सरसकट पीएसए करूच नका. २०१८ मध्ये तीच समिती म्हणाली की ५५ ते ६९ वयाच्या पुरुषाने डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवावं, आणि ७० नंतर नियमित तपासणी नको. कारण असं की प्रोस्टेटचे पुष्कळ कॅन्सर इतके संथ असतात की माणूस त्यांच्यासोबत जगून दुसऱ्याच कारणाने जातो. असा कॅन्सर शोधून घाईघाईने ऑपरेशन केलं तर फायदा काही नाही, नुकसान मात्र उरतं. उलट बाजूही तितकीच खरी. युरोपात १९९३ पासून दीड लाखाहून जास्त पुरुषांवर अभ्यास झाला. २३ वर्षांनंतर पाहिलं तर पीएसए तपासणीला बोलावलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी होते. बोलावलेल्या ४५६ जणांमागे एकाचा जीव वाचला. कुणाला हा आकडा लहान वाटेल. मला वाटत नाही, कारण तो एक माणूस कसा जातो ते मी पाहिलंय. आणि हा सर्वसाधारण पुरुषांचा हिशेब आहे, बाबांच्या तर घरातच हा आजार आहे.

म्हणून बाबांना "तुम्ही चुकताय" म्हणू नका. म्हणा, तुमचं अर्धं बरोबर आहे. कॅन्सर सापडला म्हणजे लगेच कापाकापी, हे आता राहिलेलं नाही. आकडा जास्त आला तर आधी काही आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा करतात, शक्यतो त्याच लॅबमध्ये. ४ च्या वर गेला म्हणजे कॅन्सर, असं नसतं. ४ ते १० मध्ये आकडा असणाऱ्यांपैकी साधारण चारांत एकाला कॅन्सर निघतो, बाकीच्यांना साधी वाढ असते किंवा सूज. पुन्हा जास्त आला तर एमआरआय. त्यात संशयाला १ ते ५ असे गुण देतात, आणि १ किंवा २ आले तर पुष्कळदा बायोप्सी टळते. बायोप्सी झालीच तर रिपोर्टात कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारी बेरीज (ग्लीसन स्कोअर) लिहून येते. ३+३=६ असेल तर तो सर्वांत सौम्य. माझा तोच आहे. ठरावीक अंतराने रक्त, मधूनमधून एमआरआय, गरज वाटली तर पुन्हा बायोप्सी, आणि तो हलला तरच उपचार. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात ग्रंथीपुरता मर्यादित कॅन्सर असलेल्यांचे तीन गट केले होते: एकाला ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर नुसती नजर. १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने दगावलेले ३ टक्क्यांच्या आसपासच होते. नजरेखालच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं. म्हणून नजर ठेवायची म्हणजे खरोखर ठेवायची, तारखा चुकवायच्या नाहीत.

बायोप्सीत तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असं कुणीतरी बाबांना सांगेलच. चाळीत, ट्रेनमध्ये, लग्नात, सगळीकडे हे सांगणारा एक भेटतोच. प्रोस्टेटच्या बायोप्सीबद्दल ही भीती धरायचं कारण नाही. रक्त जाणं, संसर्ग होणं हे तिचे खरे धोके आहेत, त्यासाठी डॉक्टर काळजी घेतात.

पुरुष ज्याबद्दल घरात बोलत नाहीत तेही लिहितो. बोटाने तपासणी. नुसत्या या कल्पनेने माणसं ओपीडीतून उठून गेलेली पाहिली आहेत. प्रत्यक्षात डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला सांगतात, डॉक्टर हातमोजा घालून त्याला थंड जेली लावतात, "श्वास सोडा" म्हणतात आणि गुदद्वारातून एक बोट घालून ग्रंथीचा मागचा भाग चाचपतात. दाब जाणवतो, लघवीला लागल्यासारखं वाटतं. एक मिनिटही लागत नाही. विजार वर घेऊन माणूस खुर्चीवर येऊन बसतो आणि हमखास म्हणतो, "झालं?" ही तपासणी प्रत्येकाला पहिल्याच भेटीत लागते असंही नाही, पुष्कळदा रक्तावरून सुरुवात होते. हे बाबांना आधीच कळलं तर निम्मी धास्ती जाईल.

दुसरी भीती याहून खोल असते: ऑपरेशननंतर डायपर लागेल, आणि नवरा-बायकोचं नातं संपेल. यातलं काहीच खोटं नाही, म्हणून खोटा धीर देऊ नका. ताठरतेच्या नसा ग्रंथीला अगदी चिकटून जातात, त्यामुळे ऑपरेशननंतर अनेकांना तो त्रास होतो. लघवीवरचा ताबा सुरुवातीला सुटतो, बहुतेकांचा काही महिन्यांत बराच परत येतो, काहींचा पूर्ण येत नाही. पण हे उपचाराचे परिणाम आहेत, तपासणीचे नाहीत, आणि उपचार घ्यायचा की थांबायचं हा प्रश्न फार पुढे, त्यांच्याशी बोलूनच ठरतो. मुलीला हे वडिलांशी बोलायला अवघड जाणार. घरात जावई, मेहुणा, बाबांचा जुना सहकारी, कुणीही मोकळा माणूस असेल तर त्याला सांगा. आणि ओपीडीत सोबत जरूर जा, पण केबिनमध्ये पाच मिनिटं त्यांना एकट्याला बसू द्या. मुलगी शेजारी असली की "रात्री किती वेळा उठता?" याचंही उत्तर खरं येत नाही.

विषय जेवताना, सगळ्यांसमोर काढू नका. सुनेसमोर, नातवंडांसमोर माणूस "मला काही झालेलं नाही" हेच म्हणणार, दुसरं काय म्हणेल?

तयार झाले की या गोष्टी सांभाळा. आधीचे दोन दिवस सायकल नको, वीर्यस्खलनही नको, आकडा त्याने वाढू शकतो. लघवीचा संसर्ग नुकताच झाला असेल तर काही आठवडे थांबा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चालू गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. लघवीच्या धारेसाठी देतात त्या गोळ्यांत पुष्कळदा ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइड असतं, आणि ते सहा महिने घेतलं की पीएसए जवळजवळ निम्मं दिसतं. रिपोर्टात ३ लिहिलेलं असतं, खरा आकडा ६ असतो. आमच्या ओळखीच्या एकांची पट्टी पाहूनच डॉक्टरांनी हे पकडलं. ते गृहस्थ "नॉर्मल आहे" म्हणून रिपोर्ट घरीच ठेवणार होते.

हेल्थ पॅकेजबद्दल माझं मत स्पष्ट आहे. व्हॉट्सॲपवर रात्री रिपोर्ट येतो, एक आकडा ठळक, आणि समजावणारं कुणी नाही. म्हणून आधी युरोलॉजिस्टला भेटा, मग रक्त द्या. केईएम, सायन, नायर या महापालिकेच्याच हॉस्पिटलांत युरोलॉजीची ओपीडी आहे. बाबांनी उभी नोकरी महापालिकेत काढली, तिथे त्यांना परकं वाटणार नाही. ओपीडीचे वार आधी विचारून घ्या, सकाळी लवकर केसपेपर काढा. टाटा मेमोरिअलची वाट फक्त निदान पुढे गेलं तर. सरकारच्या तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, प्रोस्टेट नाही. त्यामुळे कुणी घरी येऊन बाबांना बोलावेल याची वाट पाहू नका.

एक वेगळी, तातडीची गोष्ट. काकांसाठी सांगतोय. त्यांच्या पाठीची कळ अचानक वाढली, पायांतली ताकद कमी वाटली, चालताना पाय अडखळायला लागला किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, तर सकाळची ओपीडी नाही, त्याच क्षणी इमर्जन्सी. मणक्यातली गाठ मज्जारज्जूवर दाब देत असू शकते, आणि काही तासांचा उशीरही पाय कायमचे घेऊन जाऊ शकतो. हे काकांच्या घरी आजच फोन करून सांगा. हाडांत पसरलेला आजार सहसा मुळापासून जात नाही, पण हार्मोनच्या उपचाराने तो पुष्कळांमध्ये काही वर्षं आवरला जातो, एवढी आशा त्यांना जरूर द्या.

फोन करालच तर काकांचे कागदही मागवून घ्या: बायोप्सीचा रिपोर्ट, निदान झालं तेव्हाचं वय. आणि घरात कुणा बाईला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला होता का, तेही आजी-आत्यांकडे विचारा. बीआरसीए नावाच्या जनुकातला दोष घरातल्या बायका-पुरुष दोघांतही चालत येतो आणि या कॅन्सरांची जोखीम वाढवतो, तो असेल तर बाबांच्या डॉक्टरांचा सगळा हिशेब बदलतो, आणि मग तुमचाही. तुम्हाला भाऊ असेल तर त्याने पंचेचाळिशी आली की स्वतःच्या डॉक्टरांशी हा विषय काढावा, आणि जाताना हेच कागद न्यावेत.