साथीच्या काळात नर्ससमोरचा सर्वांत अवघड नैतिक पेच कोणता?

लोकांना वाटतं, बेड कुणाला द्यायचा हाच. पण तो निर्णय डॉक्टरांचा. नातेवाइकांना तोंड द्यायला मात्र सिस्टर. २०२१ ला मी कोल्हापुरात कोविड वॉर्डात होते. मला जड गेलं ते खोटं बोलणं. रात्री फोन यायचा, "सिस्टर, आबा जेवले का?" आबांचा ऑक्सिजन ८२ पर्यंत घसरलेला, ताट झाकलेलं तसंच. 'दोन घास खाल्ले' म्हणायचं की खरं सांगायचं? एकदा खोटं बोलले, अजून सलतंय. त्यातच जुलैत पंचगंगेला पूर. चिखलीकडची एक सिस्टर घर पाण्यात सोडून ड्युटीवर आलेली. तिला 'जा घरी' म्हणावं, तर वीस पेशंटना आम्ही दोघीच उरणार. मी म्हटलंच नाही.