जिप्सीला कोन फिल्टर लावण्याआधी ब्रीदर बघा

तुमचा प्रश्न असा: 2004 ची जिप्सी किंग, 1.3 लिटरचं एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनचं) इंजिन, 1 लाख 40 हजार किलोमीटर. थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) जाणाऱ्या रबरी पाइपात तेल साचतंय. मेकॅनिक म्हणतो, एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर) लावू, ब्रीदरची नळी (इंजिनातला वायू बाहेर काढणारी) सोडवून तिच्या तोंडाला छोटा फिल्टर बसवू. तेलही बंद, पिकअपही वाढेल. शिवाय हवेचा पाइप बंपरमागून खाली न्यायचा, म्हणजे गार हवा मिळेल.

मी हे सगळं माझ्या जिप्सीवर केलेलं आहे आणि नंतर उलटंही फिरवलं आहे. माझं ठाम मत: आत्ता काहीही कापू नका. पाइपात तेल का येतंय ते आधी शोधा.

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या पोकळीत, उतरतोच. तो बाहेर काढायला हेडच्या झाकणावरून दोन वाटा आहेत. एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून (हा वायू सोडणारी झडप) मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांना) जाते, दुसरी म्हणजे तुमची ब्रीदरची नळी, एअर फिल्टरनंतरच्या पाइपाला. आयडलिंगला मॅनिफोल्डची ओढ जास्त, त्यामुळे वायू पीसीव्हीतून जातो आणि ब्रीदरमधून गाळलेली ताजी हवा आत येते. पूर्ण थ्रॉटल दिला की मॅनिफोल्डची ओढ जवळजवळ संपते, वायू वाढतो आणि ब्रीदरमधून उलटा पाइपात येतो, येताना तेलाचे थेंब घेऊन. थोडा ओलसरपणा म्हणूनच चालतो. साचण्याइतकं तेल चालत नाही.

त्याची कारणं स्वस्तापासून महागापर्यंत तपासा. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या वर आहे का? सर्व्हिसला अर्धा लिटर जास्त ओतलेलं मी अनेकदा पाहिलंय. मग पीसीव्ही काढून कानाशी हलवा. खटखट वाजला तर आतला दट्ट्या मोकळा आहे, मुका राहिला तर बदला. पुढे, गरम इंजिन आयडलिंगला ठेवून ऑइल फिलरचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी धरा. हलकी आत ओढली गेली तर ठीक. फुग्यासारखी वर फुगली तर रिंगांवर संशय घ्या आणि कम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजणं) करा.

आता कोन फिल्टर. राजापूरच्या बाजूच्या जांभ्याच्या रस्त्यांवर एक उन्हाळा मी तो वापरला. मे महिन्यात क्लिप सोडून थ्रॉटलच्या तोंडाशी पांढरा रुमाल फिरवला, तर रुमाल लालसर झाला. फिल्टरच्या पुढे, इंजिनच्या बाजूला धूळ! तीच धूळ रिंगा आणि सिलिंडर घासते, रिंगा झिजल्या की क्रँककेसमध्ये वायू वाढतो, आणि मग ब्रीदरमधून तेल येतं. तुमची तक्रार आणि तुमच्या मेकॅनिकचा उपाय असे एकमेकांना जोडलेले आहेत.

पिकअपबद्दल सांगायचं तर अंदाजावर जाऊ नका, मोजा. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा, फळीवर यू आकारात बांधा, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा. एक टोक फिल्टर आणि थ्रॉटलमधल्या पाइपाला घट्ट जोडा, दुसरं मोकळं ठेवा. नळीचे उभे भाग किमान दोन-दोन फूट हवेत, नाहीतर पाणी इंजिनात ओढलं जाईल. मोकळ्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या. शेजारी बसलेल्याने फरक वाचायचा. माझ्याकडे जुन्या कागदी फिल्टरवर 31 सेंमी फरक आला, नव्यावर 18. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण 10 मीटर उंच पाणी. म्हणजे 10 सेंमीला जेमतेम 1 टक्का. डबा काढून जे मिळवायचं, त्यातलं बरंचसं नव्या कागदी फिल्टरने मिळून जातं. उलट बॉनेटखाली उघडा कोन गरम हवा ओढतो. आंबा घाट चढून थांबल्यावर मी बाहेर 35 अंश आणि कोनाजवळ 62 अंश मोजले. त्या तापमानाला हवा सुमारे 8 टक्के विरळ असते. आवाज मात्र भारी येतो, आणि आवाजाला माणूस ताकद समजतो. मीही तेच समजलो होतो.

पाइप खाली नेऊ नका. 26 जुलै 2005 ला मुंबईत कितीतरी गाड्यांची इंजिनं पाणी ओढून गेली. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. जिप्सी घेऊन आपण ओढे ओलांडतो, तिला हवा वरूनच हवी.

ब्रीदर उघडा सोडला तर पूर्ण थ्रॉटलला तेलाची वाफ बॉनेटखाली पसरते आणि सॉफ्ट टॉपच्या (कापडी छपराच्या) जिप्सीत वास थेट नाकाशी येतो. आयडलिंगला त्याच छोट्या फिल्टरमधून धूळ तेलात जाते. आपल्या जिप्सीत मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) आहे म्हणून हवा-पेट्रोलचं मिश्रण फारसं बिघडत नाही. एमएएफ सेन्सरच्या (आत जाणारी हवा मोजणाऱ्या) गाडीत न मोजलेली हवा आत शिरून तेही बिघडतं. ब्रीदर बुजवायचा तर विचारसुद्धा नको. दाब वाढून मागचा क्रँक ऑइल सील गळतो आणि तेल क्लच प्लेटवर जातं. क्रँककेसचा वायू हवेत सोडणं नियमातही बसत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवाय गाडीत केलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड होऊ शकतो.

सगळं तपासूनही थोडं तेल येत राहिलं तर ब्रीदर आणि पाइप यांच्या मध्ये कॅच कॅन (तेल अडवून साठवणारा डबा) बसवा, पण बंद स्वरूपात: एक नळी आत, एक बाहेर, उघडं तोंड कुठेच नाही. पीसीव्हीच्या नळीला हात लावू नका. नळी मूळ आतल्या व्यासाचीच आणि तेलाला टिकणाऱ्या रबराची घ्या. बागेची पारदर्शक नळी गरम झाली की चपटी होते. डबा पत्र्याचा, एक्झॉस्टपासून लांब. आत भांडी घासायची जाड स्टीलची घासणी भरा, बारीक लोखंडी लोकर नको, तिचे तुकडे सुटतात. पावसाळ्यात छोट्या फेऱ्या मारल्या की डब्यात ताकासारखा पांढरट चिखल जमतो. ते वाफेचं पाणी आहे, घाबरू नका, पण दर हजार किलोमीटरला रिकामा करा आणि ते तेल गटारात न ओतता गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात टाका.

आधी पिशवी धरून बघा. ती फुगली तर चारही सिलिंडरचं कम्प्रेशन कोरडं एकदा आणि प्रत्येकात चमचाभर तेल घालून एकदा घ्या, आणि आठही आकडे इथे लिहा. तेल घातल्यावर आकडा चांगला वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. मग पुढचं बोलू.