खंडेनवमीला फोन कोण उचलतो?

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली गाड्या धुवायच्या प्रेशर मशीनची तिन्ही कोटेशनं काल रात्री चष्मा लावून वाचली. वॉशिंग सेंटरला रस्त्याकडेची जागा मिळाली, हे छानच झालं. पण तू विचारतोयस, ‘काका, यातलं कुठलं मशीन घेऊ?’ अरे, मशीन तिघांचंही उन्नीस-बीसच असेल. माणूस कुठला धरायचा, ते आधी बघ.

दुसरं कोटेशन बाजूला ठेव. त्यात लिहिलंय : ३ एचपी मोटर, २०० बार प्रेशर, मिनिटाला १५ लिटर पाणी. वहीत मांडून बघ. बार गुणिले लिटर, भागिले ६००, की लागणारे किलोवॅट मिळतात. २०० गुणिले १५ म्हणजे ३०००; भागिले ६००, झाले ५ किलोवॅट. आणि ३ एचपी म्हणजे सव्वादोनच. ही मंडळी जास्तीत जास्त प्रेशर आणि जास्तीत जास्त पाणी असे दोन वेगवेगळ्या वेळचे आकडे एका ओळीत छापतात. खरं तर त्या मोटरवर १५ लिटरला ७५-८० बार मिळालं तरी खूप. गाडी धुवायला तेवढं चालतंही, पण जो कागदावरच मापात पाप करतो, तो पुढं काय करेल?

माझा पहिला पंप मी एका प्रदर्शनात घेतला होता. चकचकीत रंग, वर टोपी आणि डायरी फुकट. खंडेनवमीच्या दिवशी सकाळी साडेनऊला पंपाच्या डोक्याखालून थेंब पडू लागले, दहाला धार लागली, गनचं प्रेशर गेलं. बाहेर दसऱ्याच्या गाड्यांची रांग. गेलं होतं काय, तर पाणी अडवणारं अंगठीएवढं सील! विक्रेत्याला फोन केला, तर ‘आठ दिवसांत कुरिअरनं पाठवतो.’ मोटारसायकल काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. तिथंही यंत्रपूजा, निम्मी शटरं खाली. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं सील हातात फिरवून पाहिलं. हे माप इकडं कुणी वापरतच नाही म्हणाला. करून द्या म्हटलं, तर हळदकुंकू वाहिलेल्या लेथला हात लावायला तयार नाही. त्याचंही बरोबरच होतं म्हणा. त्या दिवशी अकरा गाड्या बादलीनं धुतल्या, बाकीच्या समोरच्या सेंटरला गेल्या.

म्हणून सील किट आणि व्हॉल्व्ह किट काउंटरवर ठेवायला सांग. ‘मागवून देतो’ म्हणाला, तर चहा पिऊन उठ. मशीनसोबतच दोन जोड घे. मोटर १४४० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांची बघ. २८०० वाली स्वस्त पडते, पण पंप लवकर झिजतो. विक्रेत्यानं दिलेल्या नंबरांवर चौकशी करू नकोस, ते त्याचेच पाहुणे असतात. त्याचं मशीन घेऊन दोन वर्षं झालेलं सेंटर शोध आणि मालकाऐवजी गन धरणाऱ्या पोराला विचार.

तुझ्या बोअरचं पाणी जड आहे. फोम कितीही भारी असो, काळ्या गाडीवर पांढरे डाग राहणारच. ज्यानं पाणी तपासून आणायला सांगितलं, तो तिसरा माणूस मला त्यासाठीच बरा वाटला. गाडी उचलायच्या लिफ्टसाठी खड्डा घ्यायच्या आधी त्याच्याकडून फाउंडेशनचं ड्रॉइंग घे. ५ एचपीची मोटर घेतलीस, तर थ्री फेज वीजजोडणी लागेल, महावितरणचा अर्ज आजच टाक. आणि मशीन बसून आठ दिवस चालेपर्यंत दहा टक्के रक्कम हातची सोडू नकोस. त्यावर कुणी तोंड वाकडं केलं, तर तेही लक्षात ठेव.

येत्या रविवारी सकाळी साडेनऊला तिघांनाही फोन लाव. सील किट आज मिळेल का, एवढंच विचार. कोण उचलतो आणि काय बोलतो, ते रात्री मला कळव. तोवर ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
काका